बामियाची जर्मन

बामिया बिरुआ तुईबासा गावातून निघाला तो हरवलेला बैल शोधायला. तीन दिवस पायपीट करून लोहाडीहला पोचला. तिथं सालवृक्षांचं जंगल तोडून साहेब लोकांनी पोलादाचा कारखाना मांडला होता. त्याच्या धुराड्याखाली बामिया तोंड वासून वर बघत उभा राहिला, तेवढ्यात एका मुकादमानं त्याच्या डोक्यावर विटांची पाटी ठेवली. बैल कुणाला सापडला ठाऊक नाही. बामिया मात्र पुढची पंचवीस वर्षं तिथंच राहिला.

सहा महिन्यांनी त्याची बायको जेमा त्याला शोधत आली, तर तिच्याही डोक्यावर पाटी आली.

"आता मला शोधायला माझी आई येणार," जेमा म्हणाली, "तिला शोधायला माझा भाऊ. असं करत अख्खं गाव इथं विटा वाहणार बघ."

तसंच झालं. मी कांडे पुरती, त्याच गावचा. मी कुणाला शोधायला आलो नव्हतो. घरात तांदूळ नव्हता म्हणून आलो. पण पाटी माझ्याही डोक्यावर तीच.

बामिया ठेंगणा, छातीनं कबुतरासारखा, आणि आवाज असा की नदीच्या या काठावरून त्या काठावरची म्हैस वळवावी. गावात त्याची कीर्ती एकाच गोष्टीसाठी होती. माघ महिन्यात आमचा मागे परब असतो. त्या दिवसांत तोंडाला कुलूप लावायचं नाही. जितकं अचकट-विचकट बोलाल तितकी भुतंखेतं गावाबाहेर पळतात. एरवी सासऱ्यासमोर मान वर न करणारी सूनसुद्धा त्या आठवड्यात अशी काही बोलते की सासरा कान झाकून हसतो. या कामात बामियाचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आमचा म्हातारा देवरी, म्हणजे गावचा पुजारी, दरवर्षी म्हणायचा, "या पोराला आधी बोलू द्या. माझी निम्मी पूजा तोच उरकतो."

विटा वाहून वर्ष झाल्यावर आम्हा दोघांना पोलादाच्या भट्टीवर घेतलं. भट्टी म्हणजे घराएवढी विटांची पेटी, समोर लोखंडी दारं, आत उकळतं लोखंड. मी फावड्यानं चुनखडी आत फेकायचो. चुनखडी लोखंडातली घाण ओढून घेते. सुखराम लोहार नावाचा गडी साखळी ओढून दार वर-खाली करायचा. बामिया लांब दांड्याच्या पळीनं आतलं पोलाद काढून नमुना बघायला द्यायचा. आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर ओट्टो ब्राख्ट.

ब्राख्ट जर्मनीचा. त्या काळी भट्टीवर बरेच जर्मन होते, कारण कंपनीला म्हणे तेच स्वस्तात मिळाले. हा गडी दारापेक्षा उंच, मिशा भाजून कायम आखूड झालेल्या. त्याला आमची 'हो' जमातीची भाषा येत नव्हती, हिंदी येत नव्हती, इंग्रजी तर मुळीच नव्हती. तो फक्त जर्मन भाषेत ओरडायचा, आणि जे ओरडायचा त्यात कामाचा शब्द दहात एक नसायचा. बाकीच्या नुसत्या शिव्या. पण हे आम्हाला कुठं ठाऊक?

माझं फावडं दाराच्या चौकटीवर आपटलं की तो गरजायचा, "श्वाइनहुंड!" मी घाबरून आणखी एक फावडं टाकायचो. महिनाभरात बामियानं ठरवून टाकलं की जर्मनीत चुनखडीला श्वाइनहुंड म्हणतात. सुखरामला एका कानानं ऐकू यायचं नाही. दार उघडायला उशीर झाला की ब्राख्ट म्हणायचा "डुम्कॉफ". म्हणजे दार उघड. आम्ही कुरकुर केली की "हाल्दमाउल". म्हणजे दार बंद कर, कारण तेवढ्यात आमची तोंडं आणि भट्टीचं दार दोन्ही बंद व्हायची. नमुन्याचा तुकडा घणानं फोडून आतला कस नीट दिसला की तो म्हणायचा "डोनरवेटर". म्हणजे पोलाद तयार. आणि शेवटी भट्टीचं मागचं भोक फोडून पोलाद खालच्या डोलात, म्हणजे ते झेलणाऱ्या प्रचंड बादलीत, सोडायच्या वेळी तो एक लांबलचक वाक्य म्हणायचा, दम न घेता, डोळे गरगरा फिरवत. बामियाला ते वाक्य फार आवडायचं.

"हा त्यांचा मंत्र आहे," तो मला म्हणाला. "आपल्यासारखंच आहे रे. घाण बोलल्याशिवाय भूत हलत नाही आणि ओरडल्याशिवाय पोलाद हलत नाही."

"पण हे घाण आहे हे तुला कसं कळलं?"

"त्याच्या तोंडावरून. मागे परबात माझं तोंड असंच दिसतं."

म्हणजे बघा, अर्थ त्याला ठाऊक नव्हता, पण जात त्यानं बरोबर ओळखली होती.

दोन वर्षांत बामिया ब्राख्टच्या तोंडाकडे न बघताच काम सांगायला लागला. डोळे दिपू नयेत म्हणून ब्राख्टनं दिलेल्या निळ्या काचेतून आत बघायचा आणि ओरडायचा, "श्वाइनहुंड!" मी चुनखडी टाकायचो. "हाल्दमाउल!" दार खाली. ब्राख्ट पोट धरून हसायचा, पण चूक कधी दुरुस्त करायचा नाही. पाळी संपली की दोघं भिंतीला टेकून बसायचे, जेमानं आणलेली हंडिया, म्हणजे तांदळाची दारू, प्यायचे, आणि एकमेकांना न कळणाऱ्या भाषांत तासभर बोलायचे.

"काय बोलता रे तुम्ही?" जेमानं एकदा विचारलं.

"तो त्याच्या बायकोबद्दल सांगतो."

"आणि तू?"

"मी पण त्याच्याच बायकोबद्दल सांगतो."

चौदा सालच्या भादव्यात विलायतेत लढाई पेटली. आठवडाभरात शिपाई आले आणि सगळे जर्मन आगगाडीत बसवून नेले. त्यांना पार अहमदनगरच्या छावणीत ठेवणार होते म्हणे. भट्टीवर ब्राख्टला न्यायला आले तेव्हा नमुना पळीतच होता. त्यानं तो फोडला, बघितला, म्हणाला "डोनरवेटर", आणि बामियाच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. शिपाई ओशाळून दुसरीकडे बघत होते. बामिया त्या दिवशी जेवला नाही. जेमानं भाताचं पातेलं पुढं सरकवलं तर म्हणाला, "माणूस पळवून नेतात, आणि आपल्याला म्हणतात भट्टी थंड होऊ देऊ नका."

पंधरा दिवसांनी शेफिल्डहून आलेला हॉब्सन साहेब आमच्या भट्टीवर नेमला. वाळक्या शेंगेसारखा लांब, खिशात हिंदुस्तानी बोलीचं छोटं पुस्तक. पहिल्याच सकाळी तो भट्टीसमोर उभा राहिला, बामियानं काचेतून आत बघितलं, आणि साहेबाच्या नेमक्या कानाशी आरोळी ठोकली, "श्वाइनहुंड!"

साहेबाला जर्मन फारशी येत नव्हती, पण तेवढा शब्द येत होता. त्याचा अर्थ आम्हाला नंतर कळला: डुक्कर-कुत्रा.

लढाईचे दिवस. गोरा साहेब, त्याच्या तोंडावर शत्रूच्या भाषेत शिवी, आणि शिवी देणाऱ्याच्या खिशात जर्मन काच. दुपारच्या आत बामियाला पाहुण्यांच्या बंगल्यावर नेऊन बसवलं. चौकशीला कप्तान मॉर्टिमर म्हणून एक पोलीस साहेब आला. ज्याला ओरडलं तो मीच, म्हणून साक्षीला मलाही नेलं. हेरगिरी म्हणजे फाशी, एवढं ऐकून होतो. बामिया मात्र व्हरांड्यातल्या पंख्याकडे बघत होता.

"हा वारा कुठून येतो रे?"

"अरे, तुझ्या गळ्याला दोर लागणार आहे आणि तू पंखा काय बघतोस?"

"मग दोराकडे बघू? दोर अजून आलाय कुठं?"

जर्मन समजणारा माणूस हवा म्हणून मिशनमधून फादर वांडेर यांना आणलं होतं. ते बेल्जियमचे. त्यांच्या गावाला त्याच महिन्यात जर्मन फौजेनं आग लावली होती, त्यामुळे तोंड आधीच कडू. पण बारा वर्षं आमच्यात राहिल्यामुळे आमची भाषा ते आमच्याइतकी चांगली बोलायचे. मागे परबातल्या बोलण्याविरुद्ध तर दर माघात उपदेश करायचे, आणि उपदेश करायचा म्हणून सगळं आधी नीट ऐकून घ्यायचे.

"बामिया," फादर म्हणाले, "हॉब्सन साहेबांना काय म्हणालास?"

"त्यांना काहीच नाही. कांडेला म्हणालो."

"काय?"

"श्वाइनहुंड."

फादरांनी डोळे मिटले. "त्याचा अर्थ काय?"

"चुनखडी."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? मी ओरडतो, हा चुनखडी टाकतो. विचारा त्याला."

मी जोरजोरानं मान हलवली. कप्तान वहीत लिहून घेत होता. "सांकेतिक भाषा आहे?" त्यानं विचारलं. "अजून काय काय शब्द आहेत ते सगळे म्हणायला सांगा."

बामियानं एकेक शब्द म्हटला आणि एकेक अर्थ सांगितला. डुम्कॉफ म्हणजे दार उघड. हाल्दमाउल म्हणजे दार लाव. फादर प्रत्येक शब्दाचा खरा अर्थ, मूर्ख, थोबाड बंद कर, असा कप्तानाच्या कानात सांगत होते आणि कप्तानाचं लिहिणं हळूहळू मंदावत होतं.

"एवढेच?"

"एक मोठा आहे," बामिया म्हणाला, "पण तो बसून म्हणता येत नाही."

तो उठला, छाती फुगवली, आणि ब्राख्टचं ते लांबलचक वाक्य ब्राख्टच्याच आवाजात, डोळे गरगर फिरवत, दम न घेता म्हणून दाखवलं. अंगणातल्या जांभळावरचे कावळे उडाले. फादर गळ्यापासून कानापर्यंत लाल झाले.

"याचा अर्थ?" कप्तान म्हणाला.

"यात एक आजी आहे," फादर म्हणाले, "आणि एक बोकड. पुढचं मला सांगता येणार नाही, संध्याकाळी प्रार्थना घ्यायची आहे." मग आमच्या भाषेत वळून, "आणि तुझ्या मते याचा अर्थ काय, बामिया?"

"भोक फोडा, पोलाद सोडा."

फादरांनी रुमाल तोंडाला लावला. खांदे हलत होते. गाव जळाल्याची बातमी आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले असतील.

एवढ्यात हॉब्सन साहेब धावत आला, टोपी नाही, सदरा घामानं चिकटलेला. भट्टीवर काय झालं ते सुखरामनं नंतर सांगितलं. आत लोखंड उकळून वर येत होतं, चुनखडी टाकायला हवी होती, आणि माझ्या जागी उभ्या केलेल्या गड्याला साहेबाचं इंग्रजी कळेना. साहेबानं खिशातलं पुस्तक काढलं, शब्द शोधला आणि ओरडला, "चुना! चुना आण! पुष्कळ चुना!" सुखरामनं कमरेची तंबाखूची डबी काढली, अदबीनं पुढं धरली, वर म्हणाला, "साहेब, तंबाखू पण देऊ?"

"हा माणूस मला आत्ताच्या आत्ता द्या," हॉब्सन कप्तानाला म्हणाला. "तो मला डुक्कर म्हणू दे, कुत्रा म्हणू दे. तासाभरात तो भट्टीवर आला नाही तर सरकारला रूळ मिळणार नाहीत."

बामिया सुटला. कप्तानानं एकच अट घातली: लढाई संपेपर्यंत जर्मन बोलायची नाही.

"मग ओरडायचं कशात?" बामियानं विचारलं. "गोड बोलून भट्टी ऐकत नाही."

"तुझ्या भाषेत ओरड," हॉब्सन म्हणाला. "मी शिकून घेईन."

ही चूक त्याला तीन वर्षांनी भोवली. कारण बामियानं नवे शब्द निवडले ते थेट मागे परबातून. साधे शब्द लावून बघितले, पण त्यांना जोर येईना, असं त्याचं म्हणणं. चुनखडीला एक, दाराला दोन, आणि पोलाद सोडायला असं एक वाक्य की मी गावात असतो तर कान झाकले असते. हॉब्सननं सगळं वहीत लिहून घेतलं, पाठ केलं, अभिमानानं वापरायला लागला. अर्थ त्याला कुणी सांगितला नाही. कोण सांगणार? आम्ही मन लावून काम करत होतो, कारण दर पाळीला मागे परबच होता.

सतरा साली विलायतेचे एक बडे साहेब मडमेसह कारखाना बघायला आले. फादर वांडेर दुभाषे म्हणून बरोबर. भट्टीच्या मागं विटा वाहणाऱ्या बायकांची रांग होती, त्यात जेमा. हॉब्सन पुढं झाला, छाती फुगवली, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर खणखणीत आवाजात पोलाद सोडायचं वाक्य म्हणाला. पोलाद सुटलं, ठिणग्या उडाल्या, आणि बायकांची रांगच्या रांग खाली बसली. जेमाची पाटी पडली. ती विटांवरच लोळत हसत होती.

"काय गोड भाषा आहे यांची!" मडम म्हणाली. "काय म्हणाले ते?"

फादरांनी आकाशाकडे बघितलं. "देवाचं नाव घेऊन कामाला सुरुवात करतात," ते म्हणाले.

त्या रविवारी फादर स्वतःच लांबच्या दुसऱ्या फादरांकडे पापाची कबुली द्यायला गेले, असं मिशनचा माळी सांगायचा.

हसण्यावारी सांगतोय, पण एक गोष्ट बामियाच्या मनात सलत होती. लढाई संपली, हॉब्सन मायदेशी गेला. जाताना लिहून गेला की पहिला भट्टीवाला, म्हणजे भट्टीचा प्रमुख, म्हणून बामियाला नेमा. मोठ्या कचेरीनं उत्तर दिलं, लिहिता-वाचता येत नाही. हॉब्सनच्या जागी आणखी दोन साहेब आले आणि गेले, दर वेळी तेच उत्तर.

"भट्टीला तरी कुठं येतं?" बामिया बाबूला म्हणाला. "आमचं दोघांचं बरं जमतं." पण घरी आल्यावर तो अंगणात एकटाच बसून राहिला. जेमानं हाक मारली तरी उठेना.

"नंदीच्या बा, काय झालं?" लेकीच्या नावानं हाक मारत तिनं विचारलं.

"तीन साहेब शिकवले मी. तिघांना नमुना बघायला मी शिकवलं. आता चौथा येतोय. मी काय साहेबांची शाळा काढलीय?"

चौथा म्हणजे प्राइस, तेवीस-चोविशीतला, घाईचा. तेवीस सालच्या जेठात एक दिवस पोलाद तयार झालं आणि खाली आतून मातीविटांचं नवीन अस्तर लावलेला डोल येऊन उभा राहिला. बामिया खाली उतरला, डोलाला बाहेरून हात लावला, वर आला आणि म्हणाला, "ओला आहे. सोडायचं नाही."

प्राइस म्हणाला, "कागदावर कोरडा लिहिलाय. सोड."

ओल्या डोलात पोलाद पडलं तर क्षणात वाफ होऊन ते तोफेसारखं उडतं. खाली वीस माणसं होती. बामियानं भोक फोडायची पहार उचलली आणि भोकासमोर आडवी मांडून तिच्यावर बसला.

"उठ!"

"नाही."

"नोकरी जाईल!"

"जाऊ दे. मी बैल शोधायला आलो होतो, नोकरी शोधायला नाही."

प्राइसनं त्याची मानगूट धरली. बामिया हलला नाही. मी जवळ होतो. त्यानं दोन्ही हातांनी खालची पहार धरून ठेवली. मग सुखराम येऊन त्याच्याशेजारी बसला. मग मी बसलो. एकेक करत सगळी पाळी बसली. शेवटी प्राइसनं हताश होऊन डोलात लाकडं पेटवायला सांगितलं, बामियाला खोटं पाडायला. दहा मिनिटांत त्या कोरड्या म्हणवणाऱ्या अस्तरातून, अंगाला घाम फुटावा तसं पाणी फुटलं. वाफेचा लोट छपराला लागला. प्राइस एका उलट्या बादलीवर बसला आणि ओकला. बामियानं त्याला पाणी दिलं.

"पहिल्या वेळी मीही ओकलो होतो," तो म्हणाला. खोटं होतं ते, पण चांगलं खोटं होतं.

प्राइसनं मोठ्या कचेरीत जाऊन सगळं खरं सांगितलं. त्याचा हा गुण मानला पाहिजे. पुढच्या महिन्यात बामिया बिरुआ पहिला भट्टीवाला झाला. आमच्या मुलखातला पहिलाच. नेमणुकीच्या कागदावर त्यानं अंगठा उठवला आणि बाबूला म्हणाला, "नीट वाच, ओला डोल कोरडा तर लिहिला नाही ना."

तेरा वर्षं त्यानं ती भट्टी चालवली. पण आगीकडे बघून बघून डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. पळीतला नमुना दिसेना, तेव्हा फोडल्याच्या आवाजावरून तो कस सांगायला लागला. काही महिने निभावलं. मग एकदा त्यानं मी समजून खांबाशी बराच वेळ गप्पा मारल्या, आणि मी त्याला डॉक्टरकडे नेलाच. कंपनीनं त्याला फाटकावर राखणदार नेमलं. आंधळा राखणदार! आठ दिवसांत तो राजीनामा देऊन आला.

"जेमा, तिथं सगळे मला फसवून आत जातात, आणि मला शिव्या देता येत नाहीत, कारण साहेबाची बायको पण तिथूनच जाते."

दोघं तुईबासाला परतले. नंदीच्या मुलांना त्यानं भट्टीच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की पोरं चुलीला घाबरायला लागली. दोन वर्षांनी कावीळ झाली आणि आठवड्यात गेला.

आमच्यात अस्थी पुरून त्यावर मोठा दगड बसवतात. भट्टीवरचे सोळा जण सुट्टी काढून आलो. कुणीतरी कारखान्यातून रुळाचा तुकडा आणला होता, दगडाखाली ठेवायला, आठवण म्हणून.

जेमानं तो पायानं बाजूला सारला. "पंचवीस वर्षं ह्या लोखंडानंच भाजला तो. आता तरी थंड पडू दे."

रुळाचा तुकडा नंदीनं घरी नेला आणि त्यावर मिरच्या वाटायला लागली. दगड आम्ही उचलला, पण तो डोंगरासारखा जड, आणि ओरडून हुकूम देणारा कुणी नव्हता. सगळ्यांनी एकदम सोडला. तो थोडा तिरका बसला. देवरी म्हणाला, पुन्हा उचला. जेमा म्हणाली, हंडिया गरम होतेय, आधी प्या. पिऊन झाल्यावर कुणाच्याच अंगात उचलायचा जोर राहिला नाही. दगड अजून तिरकाच आहे. शेळ्या त्याच्यावर चढून ऊन खातात.